पायथॉनचा लूप: एक एरर मिटली की दुसरी कुठून येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १ ते १०० मधल्या सम संख्यांची बेरीज काढायला पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत पाच ओळींचा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहिला. आधी दुसऱ्या ओळीवर सिंटॅक्स (व्याकरणाची) एरर आली. ती मिटवली तर तिसऱ्या ओळीवर इंडेंटेशन (ओळ आत सरकवण्याची) एरर, ती मिटवली तर पुन्हा तिसऱ्याच ओळीवर आणखी काहीतरी. शेवटी एरर थांबल्या, पण २५५० हे एकच उत्तर हवं असताना आकड्यांची लांबलचक रांग छापली जाते आणि तळाशी ९८ दिसतं. फॉरऐवजी व्हाइल, म्हणजे अट खरी असेपर्यंत चालणारा लूप, वापरून पाहिलं तर प्रोग्रॅम थांबतच नाही. विचारणाऱ्यांनी शेवटी लिहिलंय, "मी एकेक चूक सुधारतोय, तरी नव्या चुका येतातच कुठून?"

नव्या चुका येत नाहीयेत. सगळ्या पहिल्यापासून तिथेच होत्या, पायथॉन एका वेळी एकच दाखवतो इतकंच. आणि त्यातल्या तीन त्याच्या लेखी चुकाच नाहीत, त्यामुळे त्या तो कधीच दाखवणार नव्हता. कोलन विसरणं, बरोबरचं चिन्ह एकदाच देणं या गोष्टी सरावाने सुटतात, त्यांची मला काळजी वाटत नाही. एरर मेसेज नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे एकदा लक्षात आलं की पुढचा बराच त्रास वाचतो. म्हणून उत्तर जरा लांबवते.

पुढे कोडच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. फाइलमध्ये फॉर, इफ, रेंज, प्रिंट हे शब्द इंग्रजी अक्षरांतच, आणि तेही लहान लिपीत टाइप करायचे. व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवायच्या जागेची, नावं मात्र पायथॉन ३ मध्ये खरोखर देवनागरीत चालतात. 'बेरीज' नावाचं व्हेरिएबल त्याला बिनबोभाट मान्य असतं. आकड्यांची गंमत वेगळी आहे. कोडमध्ये देवनागरी १ लिहिला की 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर' म्हणून एरर येते, पण तोच देवनागरी १ कुणी इनपुटमध्ये टाइप केला आणि तुम्ही तो इंट (मजकुराची संख्या करणारं फंक्शन) मध्ये घातला, तर निमूट १ मिळतो. कीबोर्ड मराठीवर राहून गेला असेल तर हे आठवा.

तुमचा मूळ कोड असा होता:

बेरीज = ०
फॉर आकडा इन रेंज(१, १००)
इफ आकडा % २ = ०:
बेरीज =+ आकडा
प्रिंट(बेरीज)

पायथॉन फाइल चालवायला घेण्याआधी ती पूर्ण वाचतो. व्याकरणात कुठे अडला तर तिथेच थांबतो, आणि एकही ओळ चालत नाही. "पहिल्या ओळीत प्रिंट टाकून पाहिलं, तेसुद्धा छापलं गेलं नाही, म्हणजे पायथॉनच बिघडलाय का?" असं शिकणारे बरेचदा विचारतात. बिघडलेला नसतो. चाळिसाव्या ओळीवर व्याकरणाची चूक असली तरी पहिली ओळ चालणार नाही. उलट, नाव चुकलंय किंवा शून्याने भागलंय अशी चूक असेल तर ३९ ओळी व्यवस्थित चालतात आणि मग प्रोग्रॅम आपटतो. म्हणून मी आधी एवढंच बघते की काही छापलं गेलं का. काहीच नाही आणि शेवटच्या ओळीत 'सिंटॅक्स एरर' किंवा 'इंडेंटेशन एरर' असं लिहिलंय, तर प्रश्न लिहिण्याचा आहे, तर्काचा नाही. तर्कावर डोकं खाजवत बसायची ती वेळ नव्हे.

आता दुसरी ओळ. फॉरच्या ओळीच्या शेवटी कोलन नाही. यावर काय मेसेज येईल ते तुमच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. पायथॉन ३.९ पर्यंत नुसतं 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' यायचं, बाकी शोधा तुमचं तुम्ही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आली आणि मेसेज खूपच सुधारले. तिथे सरळ 'एक्स्पेक्टेड कोलन' असं येतं. जुनी आवृत्ती वापरत असाल आणि बदलणं तुमच्या हातात असेल, तर आधी ती बदला. शिकणाऱ्याला याहून स्वस्त मदत दुसरी नाही. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या संगणकावर जे असेल तेच वापरावं लागत असेल तर मेसेजच्या शब्दांपेक्षा ओळीच्या क्रमांकाकडे जास्त लक्ष द्या.

मात्र मेसेज म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. पायथॉन फक्त सांगतो की इथपर्यंत वाचलं आणि इथे मला अमुक अपेक्षित होतं. समजा कुणी एल्सनंतर जागा सोडून इफ लिहिलं. तिथेही 'एक्स्पेक्टेड कोलन' हाच मेसेज येतो, कारण एल्सनंतर त्याला कोलनच हवा असतो. मेसेज ऐकून तिथे कोलन ठोकला तर नवाच घोळ. तिथे खरं तर एलिफ लिहायला हवं होतं.

कोलन दिल्यावर तिसऱ्या ओळीवर इंडेंटेशन एरर आली. मेसेजमध्ये 'ओळ दोनवरच्या फॉरनंतर आत सरकवलेला भाग अपेक्षित होता' अशा अर्थाचं वाक्य असतं. एकाच मेसेजमध्ये दोन ओळींचे क्रमांक पाहून बरेच जण गोंधळतात. एरर तिसऱ्या ओळीची आहे, कारण ती आत सरकलेली नाही. ती आत का सरकायला हवी, याचं कारण दुसऱ्या ओळीत आहे. फॉर, व्हाइल, इफ, एल्स, डेफ यांची ओळ कोलनने संपली की पुढची ओळ आत गेलीच पाहिजे, रिवाजाने चार स्पेस. आत लिहायला सध्या काहीच नसेल तर पास ('काही करू नको' असा शब्द) लिहा. नुसती कॉमेंट टाकून भागत नाही, कॉमेंट पायथॉनच्या हिशेबात ओळच नसते.

सी किंवा जावाकडून आलेल्यांना हे जाचक वाटतं. ओळींचा गट दाखवायला महिरपी कंस का नाहीत, म्हणून वाद घालणारेही भेटतात. त्यांनी पायथॉनच्या 'फ्युचर' मॉड्यूलमधून 'ब्रेसेस' इंपोर्ट करून पाहावं. 'नॉट अ चान्स' असं उत्तर मिळतं, आणि तेही रीतसर सिंटॅक्स एरर म्हणून.

इफची ओळ आत गेली, आणि पुन्हा तिसरीच ओळ. या वेळी एकदाच दिलेलं बरोबरचं चिन्ह. एक बरोबर म्हणजे 'उजवीकडचं डावीकडे ठेव', दोन बरोबर म्हणजे 'दोन्ही सारखे आहेत का?' इफमध्ये प्रश्न विचारायचा असतो (इथे % म्हणजे भागाकाराची बाकी), म्हणून दोन. नवा पायथॉन इथे 'दोन बरोबर म्हणायचं होतं का?' असं स्वतःच सुचवतो. लक्षात घ्या, ही चूक पहिल्या रनपासून तिथे होती. पायथॉन दुसऱ्या ओळीवर अडला होता, तो तिथवर पोचलाच नव्हता. यावरूनच कामाची रीत ठरते: वरून खाली या, एका वेळी एक दुरुस्ती करा, पुन्हा चालवा. पाच ठिकाणी एकदम हात घातला की कुठल्या बदलाने काय झालं ते कळत नाही. आणि ओळीचा क्रमांक वाढत गेला, किंवा त्याच ओळीवर वेगळा मेसेज आला, तर वैतागू नका, काम पुढे सरकतंय.

कधी कधी दाखवलेली ओळ अगदी निर्दोष असते. तुमच्या बाबतीत तसं झालं नाही, पण लवकरच होईल. तेव्हा वरची ओळ बघा. वर कुठेतरी कंस उघडून बंद केलेला नसला की पायथॉन पुढची ओळही त्याच कंसाचा भाग समजून वाचत राहतो आणि भलत्याच जागी अडतो. ३.९ पर्यंतच्या आवृत्त्या अशा वेळी खालच्या निरपराध ओळीवर बोट ठेवायच्या. नव्या आवृत्त्या बहुतेक वेळा 'हा कंस बंदच झाला नाही' असं सांगून मूळ जागा दाखवतात. तरी सवय म्हणून दाखवलेली ओळ आणि तिच्या वरची ओळ, दोन्ही वाचाव्यात.

काही चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. चॅटमधून किंवा वेबपेजवरून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येतात. पायथॉन ती 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर' म्हणून नाकारतो. मोबाइलवर सराव करत असाल तर कीबोर्ड ओळीचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. मोठ्या एफचा फॉर ही सिंटॅक्स एरर, आणि मोठ्या पीचा प्रिंट ही नेम एरर, कारण फॉर हा व्याकरणातला शब्द आहे आणि प्रिंट हे नुसतं एका फंक्शनचं नाव. टॅब आणि स्पेसची सरमिसळ ही त्यातली सगळ्यात छळणारी. एक ओळ टॅबने आत, तिच्याखालची चार स्पेसने आत, पडद्यावर दोन्ही एका रेषेत. पायथॉन ३ हे चालवून घेत नाही. कुठली ओळ आधी आहे यावर कधी टॅब एरर येते, कधी 'अनइंडेंट डझ नॉट मॅच' असं काहीतरी. एडिटरच्या सेटिंगमध्ये टॅबचं बटण दाबलं की चार स्पेस पडतील असं करून ठेवा, आणि स्पेस ठिपक्यांसारख्या दिसण्याची सोय असेल तर तीही चालू करा.

आणखी एक, शेलबद्दल, म्हणजे टाइप केलेलं लगेच चालवणाऱ्या खिडकीबद्दल. तीन बाणांच्या खुणेसमोर थेट टाइप करत असाल तर ३.१२ पर्यंतच्या शेलमध्ये लूप संपल्यावर एक रिकामी ओळ द्यावी लागते. न देता पुढचा प्रिंट लिहिला की सिंटॅक्स एरर. तोच कोड फाइलमध्ये सुरळीत चालतो. सरावासाठी फाइलच बरी.

आता खरा मुद्दा. एरर थांबल्यावर तुमचा कोड असा होता:

बेरीज = ०
फॉर आकडा इन रेंज(१, १००):
    इफ आकडा % २ == ०:
        बेरीज =+ आकडा
    प्रिंट(बेरीज)

व्याकरणाने हा शुद्ध आहे. यात तीन चुका आहेत आणि तिन्हींवर पायथॉन अवाक्षर काढणार नाही. इथे बहुतेक जण कोड पुसून पुन्हा लिहायला घेतात. तसं करू नका, छापलेले आकडे वाचा. तुम्हाला ०, २, २, ४, ४, ६, ६ असं ९८, ९८ पर्यंत दिसलं असेल. सगळं उत्तर त्यातच आहे.

पहिलं म्हणजे, ओळी एवढ्या का? बेरीज एकदाच छापायची होती. छापल्या गेल्या ९९ ओळी, म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीला एक. प्रिंट चार स्पेस आत आहे, म्हणून तो लूपच्या पोटात आहे. आणखी चार स्पेस आत असता तर इफच्या पोटात गेला असता आणि ४९ ओळी आल्या असत्या. डावीकडे टेकवला की लूप संपल्यावर एकदाच छापेल. तीन जागा, तीन वेगळे अर्थ, आणि तिन्ही व्याकरणाला मान्य. माझ्याकडे येणाऱ्या नवशिक्यांच्या कोडमध्ये मी सगळ्यात आधी हेच तपासते. आरडाओरडा करणारं इंडेंटेशन परवडलं, गप्प बसणारं महागात पडतं. तपासायची सोपी युक्ती अशी: प्रत्येक ओळीसमोर मनात म्हणा, 'ही किती वेळा चालणार?' बेरीज = ० एकदा, इफ ९९ वेळा, प्रिंट... इथे जीभ अडखळली की जागा सापडली.

ही युक्ती बेरीज = ० या ओळीलाही लावा. तीच चुकून लूपच्या आत गेली तर दर फेरीला बेरीज शून्यावर येते. तेव्हाही एरर नाही, फक्त उत्तर भलतंच.

दुसरं, आकडे वाढतायत तरी कसे? २, ४, ६. खरी बेरीज चालू असती तर २, ६, १२, २० असं दिसलं असतं. इथे छापली जाणारी किंमत म्हणजे त्या फेरीतला सम आकडाच आहे. म्हणजे जुन्या बेरजेत भर पडतच नाही, दर वेळी ती पुसून नवा आकडा बसतोय. दोष =+ मध्ये आहे. हवं होतं +=. क्रम उलटला तरी पायथॉनला तक्रार नाही, कारण तो ते 'बेरीज बरोबर धन आकडा' असं वाचतो, आणि धन आकडा म्हणजे आकडाच. जोडचिन्हाचा क्रम लक्षात राहत नसेल तर सुरुवातीला सरळ बेरीज = बेरीज + आकडा असं लांबलचक लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रिंट आतच राहू दे आणि नुसतं += करा, मग चालवून बघा. तळाशी २४५० येईल. १०० कमी. तीच तिसरी चूक स्वतःहून सांगते. रेंज(१, १००) म्हणजे १ ते ९९. शेवटचा आकडा रेंज धरत नाही. १०० हवा असेल तर १०१ लिहा. हा नियम विचित्र वाटतो, पण त्यामागे सोय आहे: रेंज(०, ५) मध्ये बरोबर ५ आकडे मिळतात, आणि रेंज(०, ५) च्या पुढे रेंज(५, १०) जोडला तर ना आकडा सुटतो, ना दोनदा येतो.

तिन्ही दुरुस्त्या करून:

बेरीज = ०
फॉर आकडा इन रेंज(१, १०१):
    इफ आकडा % २ == ०:
        बेरीज += आकडा
प्रिंट(बेरीज)

उत्तर २५५०. रेंजला तिसरा आकडा दिला तर इफचीही गरज उरत नाही; रेंज(२, १०१, २) थेट सम संख्याच देतो, आणि ते पायथॉनच्या बेरीज करणाऱ्या 'सम' नावाच्या फंक्शनमध्ये घातलं तर लूपही नको. पण शिकताना मी लूपचीच बाजू घेईन. एका ओळीचं उत्तर चुकलं तर त्यात डोकावून बघायला जागा नसते, लूपमध्ये मधल्या फेऱ्या छापून बघता येतात. वर आपण तेच केलं. इथे एक सांगायला हवं: छापून बघणं पाच-दहा फेऱ्यांना झकास, हजार फेऱ्यांना कुचकामी. तेव्हा रेंज तात्पुरता १ ते ७ इतका करा, म्हणजे शेवटचा आकडा ६ येईल. उत्तर कागदावर काढा, २ + ४ + ६ म्हणजे १२, आणि ताडून बघा. लहान मापाला उत्तर जुळत नसेल तर मोठ्या मापाला जुळण्याची आशा सोडा.

राहिला व्हाइल. तुम्ही तो कोड पूर्ण दिलेला नाही, त्यामुळे नेमकं काय झालंय ते ठामपणे सांगता येत नाही. पण फॉरमधलं =+ बघता माझा पहिला संशय तिथेच जातो. आकडा = १ पासून सुरुवात आणि लूपमध्ये आकडा =+ १ असेल, तर आकडा दर फेरीला पुन्हा १ च होतो. तो १०० च्या पुढे जायचाच नाही. दुसरी शक्यता अशी:

आकडा = १
व्हाइल आकडा <= १००:
    इफ आकडा % २ == ०:
        बेरीज += आकडा
        आकडा += १

शेवटची ओळ इफच्या आत गेलीय. आकडा १ आहे, १ विषम आहे, म्हणून इफ लागू होत नाही, म्हणून आकडा वाढत नाही, म्हणून तो १ च राहतो. पुन्हा तोच गप्प बसणारा इंडेंटेशनचा घोळ. शेवटची ओळ चार स्पेस मागे, इफच्या रेषेत आणा. फॉरमध्ये पुढचा आकडा रेंज देतो, व्हाइलमध्ये ते काम तुमचं असतं, आणि ते प्रत्येक फेरीत झालंच पाहिजे.

सीची सवय असेल तर तिसरी शक्यता. आकडा++ लिहिलं तर सिंटॅक्स एरर येते, ते बरंच आहे. पण ++आकडा लिहिलं तर काहीच होत नाही, कारण पायथॉन ते 'धन धन आकडा' असं वाचतो. एरर नाही, वाढही नाही.

लूप कुणाच्या इनपुटवर थांबणार असेल, म्हणजे '० टाइप केलं की थांब', तर आणखी एक जागा बघा. इनपुट नेहमी मजकूर देतो. मजकुरातलं '०' आणि संख्या ० पायथॉनच्या दृष्टीने कधीच सारखे नसतात, म्हणून लूप चालूच राहतो. इनपुटला इंटमध्ये गुंडाळा.

थांबत नसलेला प्रोग्रॅम कंट्रोल आणि सी एकत्र दाबून थांबवा, विंडो बंद करू नका. 'कीबोर्ड इंटरप्ट' असं लिहून येईल आणि त्याबरोबर प्रोग्रॅम त्या क्षणी कुठल्या ओळीवर होता तेही. व्हाइलच्या पहिल्या ओळीत प्रिंट(आकडा) टाकून चालवा आणि दोन सेकंदांनी थांबवा. पडद्यावर १ ची रांग दिसली तर आकडा वाढतच नाही, वरच्यांपैकी कुठलं कारण आहे ते बघा. आकडे वाढत वाढत लाखांत गेलेले दिसले तर वाढ ठीक आहे, व्हाइलची अट चुकलीय. तो कोड इथे टाकाल तेव्हा पायथॉनची आवृत्ती, पूर्ण एरर मेसेज आणि इंडेंटेशन शाबूत ठेवलेला मजकूर टाका. स्क्रीनशॉटमध्ये टॅब आणि स्पेस वेगळे ओळखता येत नाहीत.